महास्फोट म्हणजे उलटं फिरवलेलं कृष्णविवर?

त्रिज्या (धागाकर्ती)

‘आपलं अख्खं विश्व एका कृष्णविवराच्या पोटात आहे’ असं सिद्ध करणारी एक आकडेमोड दर काही महिन्यांनी नव्याने फिरायला लागते. आकडेमोड बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मला मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा.

आधी आकडेमोड. कुठलीही वस्तू दाबत दाबत एका ठरावीक त्रिज्येच्या आत कोंबली की तिथून प्रकाशही निसटू शकत नाही. या त्रिज्येला कार्ल श्वार्झशिल्डचं नाव आहे. आइन्स्टाइनने नोव्हेंबर १९१५मध्ये गुरुत्वाकर्षणाची समीकरणं मांडली आणि पुढच्या काही आठवड्यांतच, महायुद्धात रशियन आघाडीवर असलेल्या श्वार्झशिल्डने त्यांची पहिली अचूक उकल काढली. (मे १९१६मध्ये आजारपणात तो गेला. आपल्या उकलीतून पुढे काय काय निघालं, हे त्याला कळलंच नाही.) सूत्र सोपं आहे : वस्तुमान दुप्पट केलं की त्रिज्याही दुप्पट. सूर्य कोंबायचा तर ३ किलोमीटर, पृथ्वी कोंबायची तर जेमतेम ९ मिलिमीटर.

आता त्रिज्या दुप्पट झाली की आकारमान आठपट होतं, वस्तुमान मात्र दुप्पटच राहतं. त्यामुळे कृष्णविवर जितकं थोराड, तितकी त्याची सरासरी घनता कमी. एका सूर्याएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर अणुकेंद्रापेक्षाही कित्येक पट दाट असतं. तेरा-चौदा कोटी सूर्यांचं असेल तर घनता पाण्याएवढी होते. १० एप्रिल २०१९ला ज्याच्या सावलीचं चित्र जगाने पाहिलं ते एम८७ दीर्घिकेतलं कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांचं आहे. त्याची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेच्या निम्मीसुद्धा नाही.

हेच पुढे विश्वापर्यंत ताणायचं. तारे, वायू, कृष्णद्रव्य, कृष्णऊर्जा असं सगळं धरून विश्वात घनमीटरमागे सरासरी हायड्रोजनच्या ५ अणूंएवढा ऐवज आहे. इतक्या विरळ मालाचं कृष्णविवर व्हायचं तर गोल किती मोठा हवा? उत्तर येतं साधारण १४०० कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचा. आणि विश्वाचं वय आहे १३८० कोटी वर्षं. इथे वाचणाऱ्याचे डोळे विस्फारतात आणि संदेश पुढे पाठवला जातो. कल्पना तशी जुनी आणि प्रतिष्ठित आहे; आर. के. पाथ्रिया यांनी १९७२ साली ‘नेचर’मध्ये ती मांडली होती.

आता माझा आक्षेप. ही १४०० कोटी प्रकाशवर्षं म्हणजे हबल त्रिज्या, म्हणजे ज्या अंतरावर प्रसरणाचा वेग प्रकाशाच्या वेगाएवढा भरतो ते अंतर. अवकाश सपाट असेल, म्हणजे त्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बरोबर १८० अंश येत असेल, तर आइन्स्टाइनच्याच समीकरणांनुसार विश्वाची घनता प्रसरणाच्या वेगावरून पक्की ठरते. ही घनता घ्या, हबल त्रिज्येच्या गोलाच्या आकारमानाने गुणा, आलेलं वस्तुमान श्वार्झशिल्डच्या सूत्रात घाला. पाय (π) कटतो, न्यूटनचा स्थिरांक कटतो, आणि हातात उरते ती पुन्हा हबल त्रिज्याच. जेवढी घेतली तेवढीच, तंतोतंत.

यात योगायोग कुठे आहे? आपण फक्त ‘अवकाश सपाट आहे’ हे विधान वेगळ्या वेषात परत मिळवलं. विश्व तीन मिनिटांचं होतं तेव्हाही हे समीकरण असंच जुळलं असतं, आणि कुठल्याही दूरच्या दीर्घिकेत बसून केलं तरी जुळेल. प्लांक उपग्रहाच्या मोजणीनुसार अवकाश अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने सपाट आहे, म्हणून आपल्याकडे ते इतकं छान जुळतं. अवकाश इतकं सपाट का, हा खरा प्रश्न. तो कृष्णविवराचा प्रश्न नाही.

मग कृष्णविवरं आणि विश्वाचा उगम यांचं काहीच नातं नाही का? आहे, चांगलं घट्ट आहे, फक्त या आकड्यात नाही. त्यावर जाणकारांनी लिहावं.

उनाड बोका

पहिला! वाचतोय. पृथ्वी सपाट म्हणणाऱ्यांना हा धागा दाखवू नका, तेवढं बघा.

पडछाया

लेख आवडला, पण तुम्ही अवघड वाटेने गेलात असं वाटतं. साधी गोष्ट आहे. कृष्णविवराच्या आत असतो तर सगळं मध्याकडे कोसळताना दिसलं असतं. इथे तर सगळं दूर पळतंय. एवढ्यावर विषय संपत नाही का?

त्रिज्या

जवळजवळ संपतो, पण ‘मध्याकडे’ ही कल्पना तपासून घ्यावी लागेल. बाहेरून बघणाऱ्याला कृष्णविवराला मध्य असतो. घटना क्षितिज (जिच्या आतून प्रकाशही निसटत नाही ती सीमा) ओलांडून आत गेलेल्याला तो मध्य कुठल्याच दिशेला दाखवता येत नाही, कारण तिथे अवकाश आणि काळ यांनी भूमिका बदललेल्या असतात. सिंग्युलॅरिटी (जिथे घनता अनंत होते ते टोक) त्याच्या ‘पुढ्यात’ नसते, त्याच्या भविष्यकाळात असते. उद्याचा दिवस टाळता येत नाही तशी तीही टाळता येत नाही.

आणि हा वेळ मोजताही येतो. क्षितिज ओलांडल्यावर सिंग्युलॅरिटीपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ मिळेल? एका सूर्याच्या कृष्णविवरात सुमारे १५ मायक्रोसेकंद. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या, ४३ लाख सूर्यांच्या सॅजिटेरियस ए-स्टारमध्ये मिनिटाहून थोडा जास्त. एम८७च्या राक्षसात मात्र सुमारे २८ तास. रॉकेट पेटवून वाटेल तसं हातपाय मारले तर हा वेळ कमी होतो, त्या कमाल मर्यादेपलीकडे जात नाही.

महास्फोटाची सिंग्युलॅरिटीही अशीच, ‘कुठे’ नसलेली, फक्त ‘केव्हा’ असलेली. पण ती आपल्या भूतकाळात आहे. प्रत्येकाच्या भूतकाळात. तेव्हा तुलना करायचीच तर कृष्णविवराची चित्रफीत उलटी फिरवावी लागेल. तिला श्वेतविवर म्हणतात : आतून सगळं बाहेर येतं, आत काहीच जाऊ शकत नाही. गणितात आहे, आकाशात आजवर एकही सापडलेलं नाही.

कंसात

त्रिज्याताईंनी जाणकारांवर सोडलेला भाग उचलतो. जाणकार म्हणून नव्हे, विद्यापीठात हा विषय शिकलो होतो त्या भांडवलावर.

घट्ट नातं १९३९च्या एका निबंधात आहे. ओपेनहायमर आणि त्यांचा विद्यार्थी हार्टलँड स्नायडर यांनी प्रश्न घेतला : दाब अजिबात नसलेल्या धुळीचा एक प्रचंड गोळा स्वतःच्या वजनाखाली कोसळू लागला तर काय होईल? बाहेरच्या रिकाम्या जागेत श्वार्झशिल्डची उकल लागू पडते, ते अपेक्षितच होतं. गोळ्याच्या आत काय लागू पडतं? आकुंचन पावणाऱ्या विश्वाची उकल! अलेक्झांडर फ्रीडमनने १९२२मध्ये विश्वासाठी काढलेली समीकरणं त्या कोसळत्या गोळ्याच्या आत अक्षरशः जशीच्या तशी बसतात. बाहेरच्याला दिसतं कृष्णविवर बनताना, आणि आतल्या धुळीच्या कणाला आपण एका मिटत चाललेल्या विश्वात आहोत असंच वाटणार.

पण फ्रीडमनचं विश्व काय किंवा हा धुळीचा गोळा काय, दोन्ही आदर्श, सगळीकडून सारखे. त्यामुळे पुढची पंचवीस वर्षं अनेकांना वाटत होतं की सिंग्युलॅरिटी हा त्या आदर्शपणाचा दोष आहे. खऱ्या, वेड्यावाकड्या ताऱ्यात कण एकमेकांना चुकवून निघून जातील आणि अनंत घनता येणारच नाही. या समजाला पहिला धक्का दिला अमल कुमार रायचौधुरी यांनी. १९५५चं त्यांचं समीकरण सांगतं की गुरुत्वाकर्षण जोवर आकर्षण करतंय, तोवर एकत्र यायला लागलेल्या मार्गांचा जुडगा पुढे आवळतच जातो. सममिती असो वा नसो. १९६५मध्ये रॉजर पेनरोजने त्यावर भूमितीचा नवा साज चढवून सिद्ध केलं की प्रकाश अडकून पडेल इतकं काही एकदा कोसळलं की सिंग्युलॅरिटी टळत नाही.

आणि मग हॉकिंगने तेच प्रमेय काळ उलटा करून विश्वाला लावलं. कोसळताना सिंग्युलॅरिटी अटळ, तर प्रसरणाच्या मागेमागे गेल्यावरही अटळ. १९७०मध्ये दोघांचा संयुक्त निबंध आला. म्हणजे ‘विश्वाला सुरुवात असावी’ याचा सर्वात भक्कम गणिती आधार कृष्णविवरांच्या अभ्यासातूनच आलेला आहे. तो आकडा-योगायोग फिरवण्यापेक्षा लोकांनी ही गोष्ट फिरवली असती तर बरं झालं असतं.

उनाड बोका

म्हणजे महास्फोट = उलटं कृष्णविवर. शीर्षकाचं उत्तर ‘हो’. धागा बंद करायला हरकत नाही :)

कंसात

थांबा बोकोबा. गणितात काळ उलटा करता येतो, पण त्या दोन टोकांचा पोत एकसारखा नाही, आणि हे सुद्धा पेनरोजनेच दाखवलं.

१९७२च्या सुमारास जेकब बेकेन्स्टाइनने सुचवलं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. १९७४मध्ये हॉकिंगने कृष्णविवराचं तापमान काढलं आणि सूत्र पक्कं झालं. आकडे बघा : आजच्या सूर्याची एन्ट्रॉपी आणि तेवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी यांत सुमारे १ वर १९ शून्यं इतक्या पटींचा फरक आहे. गुरुत्वाकर्षणाच्या दुनियेत गठ्ठा होणं म्हणजे अव्यवस्था वाढणं, आणि कृष्णविवर हे त्या वाटेवरचं शेवटचं टोक. वेगवेगळी कृष्णविवरं एकमेकांत मिसळत एक सिंग्युलॅरिटी बनली तर ती कमालीची ओबडधोबड, पिरगळलेली असेल.

याउलट महास्फोटानंतर ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आपल्याला दिसतो. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंश आहे आणि आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यात लाखात एका भागाचा फरक आहे. इतकं गुळगुळीत! द्रव्य गठ्ठ्यांत गोळा झालेलं नाही, म्हणजे गुरुत्वीय एन्ट्रॉपी जवळपास नाहीच. पेनरोजने हिशेब केला की यदृच्छेने निवड करताना अशी सुरुवात हाती लागण्याची शक्यता किती : एकला ज्या संख्येने भागायचं तिच्यात १ नंतर इतकी शून्यं आहेत, की त्या शून्यांची मोजदादच १ वर १२३ शून्यं एवढी होते.

कृष्णविवराची चित्रफीत उलटी फिरवली तर खडबडीत सुरुवात मिळेल. आपली सुरुवात तशी नव्हती. माझ्या मते शीर्षकाचं उत्तर ‘नाही’, आणि ते याच मुद्द्यावर.

त्रिज्या

+१. माझ्या आक्षेपापेक्षा हा जास्त खोलवर जाणारा आहे.

अनुस्वार

चर्चा उत्तम चालली आहे, पण सगळ्यांनी महास्फोट गृहीतच धरलेला दिसतो. डॉ. जयंत नारळीकरांनी तो शेवटपर्यंत मान्य केला नाही. २० मे २०२५ला ते गेले. त्यांच्या निधनानंतर जे लेख आले त्यांत त्यांच्या विज्ञानकथांबद्दल भरभरून होतं, पण ज्या मतासाठी ते हयातभर प्रवाहाविरुद्ध उभे राहिले त्याबद्दल ओळ-दोन ओळी. मराठी वाचकांच्या चर्चेत तरी त्यांची बाजू यायला हवी.

थोडक्यात मांडतो. १९४८मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला : विश्व प्रसरण पावतं, पण दीर्घिकांमधल्या मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य सावकाश तयार होत राहतं, त्यामुळे विश्वाचा चेहरा बदलत नाही. सुरुवातच नाही, मग सिंग्युलॅरिटीही नाही. नारळीकर हे हॉयल यांचे केंब्रिजमधले विद्यार्थी. पुढे १९९३मध्ये हॉयल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित आवृत्ती आणली, अर्ध-स्थिर स्थिती. तिच्यात विश्व हजारो कोटी वर्षांच्या आवर्तनांत फुगतं-आकसतं, आणि द्रव्यनिर्मिती होते ती अतिघन, प्रचंड वस्तुमानाच्या वस्तूंच्या लगत. म्हणजे जवळपास कृष्णविवर बनलेल्या, पण न बनलेल्या वस्तूंपाशी. धाग्याच्या विषयाशी याहून जवळचं काय असेल? एका महास्फोटाऐवजी ठिकठिकाणी लघुस्फोट, आणि तेही कृष्णविवराच्या उंबरठ्यावर.

पडछाया

अनुस्वारजी, आदर आहेच. पण कंसात यांनी वर दिलेला तो २.७२५ अंशांचा प्रकाश? महास्फोट नसेल तर तो आला कुठून?

अनुस्वार

त्याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. ताऱ्यांमध्ये हायड्रोजनचा हेलियम होताना निघालेली सगळी ऊर्जा हिशेबात घेतली तर ती त्या पार्श्वभूमी प्रारणाच्या ऊर्जेच्या आसपास येते. ताऱ्यांचा तो प्रकाश अवकाशात विखुरलेल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुया शोषून घेतात आणि सूक्ष्मलहरींत परत फेकतात. सुया मिलिमीटरभर लांबीच्या, अतिशय बारीक. महानवताऱ्यांतून, म्हणजे स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्यांतून, बाहेर पडलेली धातूची वाफ थंड होताना अशा सुया बनू शकतात. कल्पना हवेतली नव्हती. प्रयोगशाळेत धातूची वाफ सावकाश थिजवली की अशा सुया बनतात हे ठाऊक होतं.

निशाचर

अनुस्वार काका, तुम्ही बाजू फार नेटकी मांडलीत. आता दुसरी बाजू सांगू द्या, आणि तिच्यातला एक धागा नारळीकरांच्याच घरातला आहे.

लोखंडी सुयांची अडचण अशी : कोबी उपग्रहाने १९९०मध्ये या प्रारणाचा वर्णपट दाखवला तेव्हा तो आदर्श कृष्णवस्तूच्या (जिचा प्रकाश फक्त तिच्या तापमानावर ठरतो अशा वस्तूच्या) आलेखावर इतका चपखल बसला की मोजमापातली अनिश्चितता आलेखाच्या रेषेच्या जाडीत लपून गेली. जागोजागी, वेगवेगळ्या काळी सुयांनी पुन्हा फेकलेला प्रकाश मिसळून इतका निर्दोष वर्णपट बनवणं फार जिकिरीचं. त्यात पुढे आकाशभरच्या तापमानाच्या सूक्ष्म चढउतारांमध्ये ठरावीक अंतरांची शिखरं सापडली, आद्य विश्वातल्या ध्वनिलहरींनी उमटवलेली. महास्फोटाच्या चित्रात ती सहज येतात. सुयांच्या चित्रात ती मुद्दाम बसवावी लागतात.

पण मला सर्वात आवडतो तो पुरावा तापमानाचा. विश्व प्रसरण पावत थंड झालं असेल तर पूर्वी हे प्रारण जास्त गरम असायला हवं. दूरच्या क्वेसारचा (महाकाय कृष्णविवरामुळे झगझगणाऱ्या दीर्घिकेच्या केंद्राचा) प्रकाश वाटेत एका वायूच्या ढगातून येतो. त्या ढगातले कार्बनचे अणू किती उत्तेजित आहेत त्यावरून त्या काळचं तापमान काढता येतं. २००० साली आर. श्रीआनंद, पातीझाँ आणि लदू यांनी ‘नेचर’मध्ये असं मोजमाप दिलं : सुमारे ११०० कोटी वर्षांपूर्वीच्या ढगात तापमान ६ ते १४ अंशांच्या दरम्यान, महास्फोटाचं भाकीत ९ अंश. यातले श्रीआनंद पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले. आयुका उभारली नारळीकरांनी, आणि २००० साली संचालकही तेच होते.

ज्या छपराखाली स्वतःच्या सिद्धांताला अडचणीचं ठरणारं मोजमाप निर्धास्तपणे होतं, ते छप्पर बांधणारा माणूस मला त्या सिद्धांतापेक्षा मोठा वाटतो.

अनुस्वार

श्रीआनंद यांच्या कामाबद्दल माहीत नव्हतं. शोधून वाचतो. सुयांचा मुद्दा मी इथेच सोडतो, पण एक आग्रह कायम : ‘महास्फोट सिद्ध झाला’ असं म्हणताना नेमकं काय सिद्ध झालं तेही सांगा. उगम सिद्ध झालाय का?

कंसात

नाही झाला. हा आग्रह अगदी रास्त आहे.

जे भक्कम आहे ते पहिल्या सेकंदापासून पुढचं. पहिल्या काही मिनिटांत वस्तुमानाने साधारण ७५ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम तयार झाला पाहिजे, आणि जुन्यात जुन्या वायूत तेच प्रमाण दिसतं. त्याच्या आधी, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, फुगवट्याचा काळ होता असं बहुतेक जण मानतात. ॲलन गूथने १९८१मध्ये तो मांडला. त्रिज्याताईंच्या ‘अवकाश इतकं सपाट का’ याचं सध्याचं सर्वात मान्य उत्तर तेच : काहीही इतकं फुगवलं की त्याचा वाकडेपणा दिसेनासा होतो. पण थेट पुरावा हाती नाही. मार्च २०१४मध्ये बायसेप-२ प्रयोगाने तो मिळाल्याचं जाहीर केलं होतं, नंतर कळलं की तो बराचसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा परिणाम होता.

आणि सिंग्युलॅरिटी? ती प्रत्यक्षात असलेली वस्तू समजू नये. पेनरोज-हॉकिंग प्रमेयं एवढंच सांगतात की सापेक्षता सिद्धांत एका ठिकाणी हात टेकतो. तिथे क्वांटम गुरुत्वाकर्षण (गुरुत्वाकर्षणाची आणि सूक्ष्म कणांच्या नियमांची सांगड घालणारा सिद्धांत) लागेल, आणि ते अजून कुणाकडेच पूर्ण तयार नाही.

पडछाया

मग ‘आधी काय होतं’ याचे जे दहा सिद्धांत ऐकू येतात ते सगळे कल्पनेचे पतंग म्हणायचे?

त्रिज्या

पतंग खरे, पण काहींना मांजा आहे :)

कृष्णविवराशी थेट जोडलेला पतंग ली स्मोलिनचा, १९९२चा. त्याच्या मते प्रत्येक कृष्णविवराच्या आत कोसळणं थांबून उसळी बसते आणि नवं विश्व जन्मतं, किंचित बदललेल्या नियमांसह. ज्या विश्वांत कृष्णविवरं जास्त, त्यांची संतती जास्त. म्हणजे आपल्या विश्वाचे नियम कृष्णविवरं पिकवायला अनुकूल असणार. यातून त्याने तपासता येईल असं भाकीत काढलं : न्यूट्रॉन तारे (मेलेल्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे) फार जड असू नयेत, लवकर कृष्णविवरं बनावीत. आधी मर्यादा १.६ सूर्यांची होती, मग ती २ सूर्यांपर्यंत सरकली, आणि आता त्याहून किंचित जड न्यूट्रॉन तारा सापडलेला आहे. मला सिद्धांत पटत नाही, पण मान खाली घालून तपासणीला उभा राहिला हे मानायला हवं.

अभय अष्टेकरांच्या वाटेला मी जास्त गुण देईन. त्यांनी १९८६मध्ये आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. २००६मध्ये अष्टेकर, पाव्लोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी दाखवलं की या चौकटीत विश्व मागेमागे नेलं तर घनता अनंत होत नाही. एका ठरावीक, अर्थात कल्पनेपलीकडच्या घनतेला गुरुत्वाकर्षण चक्क ढकलू लागतं आणि विश्व उसळी घेतं. महास्फोटाऐवजी महाउसळी. रायचौधुरींचं समीकरण जिथे ‘आवळतच जाणार’ म्हणतं, तिथे एक उलट चिन्हाचं पद येऊन बसतं. हीच युक्ती कृष्णविवरांच्या आतही लावायचे प्रयत्न चालू आहेत.

हार्टल-हॉकिंगचं काठ नसलेलं विश्व (१९८३) दिसायला सर्वात देखणं, पण त्यावरून नेमकं काय मोजायचं यावर त्या क्षेत्रातच एकमत नाही. म्हणून पुढे जाते.

उनाड बोका

एक प्रामाणिक प्रश्न, चेष्टा नाही. वर एन्ट्रॉपी, क्षेत्रफळ असं बरंच आलं. हे कुणी मोजलंय, की कागदावरच?

निशाचर

चांगला प्रश्न. हॉकिंगने १९७१मध्ये सिद्ध केलं होतं की दोन कृष्णविवरं एकत्र झाली तर नव्या क्षितिजाचं क्षेत्रफळ आधीच्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी भरणार नाही. १४ सप्टेंबर २०१५ला गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो या उपकरणाने पहिली टक्कर ऐकली : ३६ आणि २९ सूर्यांची कृष्णविवरं, मिळून बनलं ६२चं, उरलेले ३ सूर्य गुरुत्वीय लहरींत उधळले गेले. तो संकेत तसा क्षीण होता. १४ जानेवारी २०२५ला बऱ्यापैकी तशीच टक्कर खूप स्पष्ट ऐकू आली, कारण दरम्यान उपकरणं सुधारली होती. क्षेत्रफळांची बेरीज टकरीआधी सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, टकरीनंतर सुमारे ४ लाख. वाढलं!

टकरीनंतरचं क्षेत्रफळ कळतं ते नव्या कृष्णविवराच्या थरथरीतून, म्हणजे टोला दिलेल्या घंटेसारखे त्याचे सूर विझत जातात त्यावरून. ही थरथर असेल असं १९७०मध्ये सर्वप्रथम सांगितलं सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी. रायचौधुरींप्रमाणेच हेही नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही.

हॉकिंग प्रारण, म्हणजे आपल्या तापमानामुळे कृष्णविवर जी ऊर्जा बाहेर टाकतं ती, मात्र कुणी मोजलेलं नाही आणि इतक्यात मोजलं जाणार नाही. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक कोटीव्या भागापेक्षाही कमी. भोवतालचं आकाश २.७ अंशांवर. म्हणजे आज अशी कृष्णविवरं ऊर्जा देण्यापेक्षा घेतातच जास्त.

पडछाया

म्हणजे ताऱ्यांपासून बनलेली कृष्णविवरं विश्वाच्या शेवटाकडे बोट दाखवतात. सुरुवातीकडे बोट दाखवणारं एखादं आहे का?

निशाचर

असेल असा संशय आहे, आणि गेल्या काही वर्षांतली सर्वात चुरशीची भानगड तीच.

जे०३१३-१८०६ नावाचा क्वेसार आहे. महास्फोटानंतर ६७ कोटी वर्षांनीच तिथे १६० कोटी सूर्यांचं कृष्णविवर बसलेलं दिसतं. कृष्णविवर गिळत असताना इतका प्रकाश निघतो की त्याच्या दाबाने येणारा वायूच मागे ढकलला जातो. त्यामुळे खाण्याच्या वेगाला मर्यादा पडते, तिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. त्या मर्यादेने सतत खात राहिलं तर वस्तुमान दुप्पट व्हायला साधारण ३ ते साडेतीन कोटी वर्षं लागतात. आता पहिल्या ताऱ्यांपैकी एक मरून १०० सूर्यांचं कृष्णविवर बनलं असं धरा. तिथून १६० कोटींवर जायला २४ वेळा दुप्पट व्हावं लागेल. म्हणजे ७०-८० कोटी वर्षं, एकही उपास न करता. वेळ होता ६७ कोटी, आणि त्यातही पहिले तारे पेटायलाच दहा-वीस कोटी गेली असणार. गणित बसत नाही.

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने यात भर घातली. जीएन-झेड११ या दीर्घिकेत, महास्फोटानंतर ४३ कोटी वर्षांनी, सुमारे १६ लाख सूर्यांचं कृष्णविवर असल्याचा निष्कर्ष २०२४मध्ये आला. तेव्हा एक तर ही कृष्णविवरं एडिंग्टन मर्यादा मोडून खात होती, किंवा अख्खे वायूचे ढग तारा न बनताच सरळ कोसळले आणि सुरुवातच लाखभर सूर्यांपासून झाली. तिसरी शक्यता सर्वात धाडसी : ही बीजं ताऱ्यांच्या आधीची आहेत. झेल्डोविच आणि नोविकोव्ह यांनी १९६७मध्ये, आणि हॉकिंगने १९७१मध्ये म्हटलं होतं की पहिल्या सेकंदातल्या दाट भागांतून थेट कृष्णविवरं बनू शकतात.

मला स्वतःला दुसरी शक्यता जास्त पटते, तिला कमी गृहीतकं लागतात.

कंसात

सहमत, पण तिसरीची परीक्षा घेता येईल हे तिचं बलस्थान. एका सूर्याहून हलकं कृष्णविवर खात्रीने सापडलं, तर ते ताऱ्यापासून बनलेलं असूच शकत नाही. चंद्रशेखरांच्या नावाची १.४ सूर्यांची मर्यादा आडवी येते : त्याखाली ताऱ्याचा गाभा श्वेतखुजा (विझलेला, घट्ट दाबलेला छोटा तारा) म्हणून तग धरतो. लायगोच्या माहितीत असे हलके जोड मुद्दाम शोधले जातात. आजवर पक्का एकही नाही.

अनुस्वार

सापडलं तर मग त्रिज्याताईंच्या शीर्षकातली अदलाबदल करावी लागेल : कृष्णविवरातून महास्फोट नव्हे, महास्फोटातून कृष्णविवर.

त्रिज्या

तसं झालं तर शीर्षक आनंदाने बदलेन, काका. निशाचर, त्या थेट कोसळणाऱ्या ढगांवर वेगळा धागा काढा ना. तिथे वायू थंड होऊन तुकडे का पडत नाहीत, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

निशाचर

काढतो. थोडक्यात : शेजारच्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हायड्रोजनचे रेणू फोडतो. रेणूच नसले की वायू ८००० अंशांच्या खाली थंड होत नाही, आणि गरम वायूचे छोटे तुकडे पडत नाहीत. सविस्तर नव्या धाग्यात.

उनाड बोका

तिथेही पहिला मीच.